पोलिसांसारखी दिसणारी गाडी : दावा एका गोष्टीचा, पुरावा दुसऱ्याच

मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेदहाच्या सुमारास मी मावशीकडे निघाले होते. मावशी पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये राहते. टाउनशिपची कमान यायच्या आधी, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरच, मागून एक पांढरी बोलेरो आली. बाजूने निळा-लाल पट्टा, छतावर लुकलुकणारे दिवे, बॉनेटवर ढालीच्या आकाराचं बोधचिन्ह. आतल्या माणसाने हात बाहेर काढून थांबायची खूण केली. मी स्कूटर बाजूला घेतली. तो उतरला, "लायसन दाखवा मॅडम" म्हणाला. मी दाखवलं. "एवढ्या रात्री कुठे?" मी तेही सांगितलं, फ्लॅट नंबरसकट. तो परत गाडीकडे वळला तेव्हा मागच्या दारावर बारीक अक्षरांत एका खाजगी सुरक्षा कंपनीचं नाव दिसलं.

म्हणजे ज्याला माझं लायसन मागायचा काडीचा अधिकार नव्हता, त्याच्या हातात मी ते मुकाट्याने दिलं. त्याने जबरदस्ती केली नाही. "मी पोलीस आहे" असंही तो एकदाही म्हणाला नाही. ते काम गाडीने केलं.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, त्या गाडीमुळेच तर चोऱ्या थांबल्यात. लांबून पोलिसांचीच वाटते, चोर बघूनच घाबरतात." दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मला त्या कंपनीचं माहितीपत्रक दाखवलं. त्यात लिहिलं होतं की पोलिसांसारख्या दिसणाऱ्या गस्ती वाहनाचा धाक 'संशोधनाने सिद्ध' झाला आहे. कुठलं संशोधन, कोणाचं, कधीचं, काही नाही.

माझा विषय प्राणिशास्त्र, त्यातही फुलपाखरांमधलं अनुकरण. गुन्हेशास्त्र माझं क्षेत्र नाही. पण 'संशोधनाने सिद्ध' हे दोन शब्द दिसले की मूळ पेपर काढून वाचायची खोड लागली आहे. तुमच्यापैकी जे नेट-सेट किंवा पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताय, त्यांना मुलाखतीत हमखास एखाद्या पेपरवर टीका करायला सांगतात. तर आज हा एकच दावा घेऊ आणि त्याला आधार म्हणून जे अभ्यास पुढे केले जाऊ शकतात ते एकेक करून तपासू.

आधी दावा सुटा करा

"गाडी पोलिसांसारखी दिसते म्हणून चोऱ्या कमी होतात." वाक्य एकच आहे, पण त्यात निदान पाच दावे एकमेकांत अडकवलेले आहेत.

1. पाहणाऱ्याला ती गाडी पोलिसांची वाटते.
2. तसं वाटल्यामुळे तो वेगळं वागतो.
3. वेगळं वागणाऱ्यांमध्ये चोरी करू पाहणारा माणूसही असतो.
4. त्यामुळे प्रत्यक्षात चोऱ्या कमी होतात.
5. ही घट गाडीच्या दिसण्यामुळे होते, नुसत्या असण्यामुळे नाही.

यातली एक कडी निसटली तरी साखळी तुटते. आणि बहुतेक वेळा होतं काय, की पुरावा दुसऱ्या कडीचा असतो आणि निष्कर्ष पाचव्या कडीचा काढलेला असतो. पेपर वाचताना स्वतःला हा प्रश्न विचारायची सवय लावा: हा अभ्यास नक्की कितव्या कडीबद्दल बोलतोय?

बिकमन यांचा गणवेश

गणवेशाच्या प्रभावाबद्दल सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग लेनर्ड बिकमन यांचा, 1974 सालचा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रस्त्यावर प्रयोगकर्ते तीन वेशांत उभे राहिले: साध्या कपड्यात, दूधवाल्याच्या वेशात आणि सुरक्षारक्षकाच्या वेशात. रक्षकाचा वेश पोलिसाच्या गणवेशाशी मिळताजुळता होता, फक्त बिल्ला वेगळा आणि कमरेला पिस्तूल नाही. आपल्या विषयाला याहून जवळचा प्रयोग सापडणं अवघड. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तीनपैकी एक गोष्ट करायला सांगायची: खाली पडलेली कागदी पिशवी उचल, पार्किंगच्या मीटरसाठी त्या अनोळखी माणसाला एक डाइम दे, किंवा बसथांब्याच्या या जागेवरून तिकडे सरक. लोकांनी रक्षकाचं ऐकण्याचं प्रमाण इतर दोघांपेक्षा जास्त निघालं. (आकडे उद्धृत करायचे असतील तर मूळ पेपरचा तक्ता उघडा. पाठ्यपुस्तकांत ते एकसारखे सापडत नाहीत.)

दुसऱ्या प्रयोगात बिकमन यांनी विचारलं, लोक ऐकतात ते रक्षक बघतोय या भीतीने का? म्हणून काही वेळा रक्षक सांगून तिथेच थांबला, काही वेळा सांगून निघून गेला. तो निघून गेल्यावरही लोक ऐकतच राहिले. म्हणजे शिक्षेची भीती हे मुख्य कारण नसावं, 'याला सांगायचा हक्क आहे' ही समजूत असावी, असा त्यांचा तर्क.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग पुढचा. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन विचारलं, अशा प्रसंगी कोणाचं ऐकलं जाईल, कोणाला तसं सांगायचा हक्क आहे? विद्यार्थ्यांच्या उत्तरांत रक्षक इतरांपेक्षा वरचढ ठरलाच नाही. रस्त्यावर लोक ज्याचं ऐकत होते, त्याला कागदावर कोणी भाव देत नव्हतं. त्या रात्री मलाही कोणी आदल्या दिवशी विचारलं असतं, "खाजगी रक्षकाने लायसन मागितलं तर देशील का?", तर मी हसून नाही म्हटलं असतं.

आता टीका. चांगलं काय ते आधी, कारण टीका म्हणजे फक्त चुका काढणं नव्हे. इथे खरं वागणं मोजलं आहे, सांगीव वागणं नाही. प्रयोग प्रयोगशाळेत नाही, रस्त्यावर आहे. आणि दूधवाला हा फार हुशारीने निवडलेला नियंत्रण गट आहे. तो नसता तर 'कुठलाही गणवेश चालतो' आणि 'अधिकाराचा गणवेश चालतो' यांत फरक करता आला नसता.

कमजोरी कुठे? पहिली, गणवेश घालणाऱ्याला आपण काय घातलंय ते माहीत असतं. रक्षकाच्या वेशात माणूस नकळत ताठ उभा राहतो, आवाज चढवतो. मग लोकांनी कापडाचं ऐकलं की आवाजाचं? दोन्ही चल एकमेकांत मिसळले आहेत आणि या रचनेत ते सुटे करता येत नाहीत. दुसरी, वेश घालणारी माणसं मोजकीच आणि सगळी तरुण पुरुष. त्यामुळे पादचाऱ्यांची संख्या कितीही वाढवली तरी 'रक्षक' या गटाचा नमुना त्या दोन-चार जणांपुरताच राहतो. ही चूक आपल्याकडच्या प्रबंधांत सर्रास दिसते: एकाच झाडाची शंभर पानं मोजायची आणि सॅम्पल साइझ शंभर लिहायची.

पण आपल्या दाव्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती बिकमन यांची चूक नाही. त्यांचे सहभागी कोण होते? रस्त्याने चाललेली साधी माणसं. त्यांच्यात कुणी चोरी करायला निघालेला नव्हता, निदान तसं मोजलेलं नव्हतं. म्हणजे हा प्रयोग दुसरी कडी दाखवतो, आणि तीही फक्त निरुपद्रवी माणसांपुरती. तिसऱ्या कडीबद्दल तो गप्प आहे. 'पोलिसासारख्या वेशाला माणसं ऐकतात' यावरून 'चोर घाबरतात' म्हणणं ही उडी आपली आहे, पेपरची नाही.

मूळ प्रतीचाच धाक किती?

नकलेकडे जायच्या आधी असलकडे बघू. खऱ्या पोलिसांची गाडी नुसती फिरत राहिली तर गुन्हे कमी होतात का?

1972 ते 1973 अशी एक वर्षभर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये याची चाचणी झाली. पंधरा गस्ती विभाग तीन गटांत वाटले. पाचांमध्ये नेहमीची गस्त बंद, गाडी फक्त फोन आला तर जाणार. पाचांमध्ये नेहमीसारखी. पाचांमध्ये दुप्पट-तिप्पट. वर्षअखेर गुन्ह्यांत, लोकांच्या भीतीत, समाधानात दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. गस्त कमी-जास्त झाल्याचंही लोकांच्या फारसं लक्षात आलं नव्हतं.

यावरून 'गस्त निरुपयोगी' असा गाजावाजा झाला. पण या प्रयोगावर झालेली टीका मूळ अहवालाइतकीच शिकवणारी आहे. रिचर्ड लार्सन यांनी दाखवलं की गस्त 'बंद' असलेल्या विभागातही फोनवरून येणाऱ्या गाड्या धावतच होत्या, त्याही दिवे आणि भोंगे लावून. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला दिसणाऱ्या पोलिसांत कागदावर होता तितका फरक पडलाच नव्हता. दुसरं, एकूण एककं पंधरा. प्रत्येक गटात पाच. एवढ्या लहान नमुन्यात मध्यम आकाराचा परिणाम असला तरी तो हाती लागणं मुश्किल. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. परीक्षेत हे तुम्ही बरोबर लिहाल. निष्कर्षाचं प्रकरण लिहिताना मात्र भले भले विसरतात.

नंतर 1988-89 मध्ये मिनियापोलिसमध्ये शर्मन आणि वाइसबर्ड यांनी 110 ठिकाणं निवडली, जिथे मुळातच तक्रारी फार येत. निम्म्या ठिकाणी पोलिसांची उपस्थिती वाढवली, निम्मी तशीच ठेवली. तिथे तक्रारींत घट दिसली. म्हणजे पोलीस कुठे उभे आहेत याला महत्त्व आहे. टाउनशिपभोवती ठरावीक वेळी गोल फिरणारी बोलेरो या दोन प्रयोगांपैकी कशाशी जास्त मिळते, हे तुम्हीच ठरवा.

खाजगी रक्षकांवरचा एक चांगला प्रयोग

कंपनीच्या माहितीपत्रकाने खरंच एखादा पेपर उद्धृत करायचा असता तर त्यांच्या बाजूचा एक आहे, आणि तो इथे सांगितला नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. 2017 मध्ये एरियल, ब्लँड आणि सदरलँड यांनी प्लॉस वन या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. नैऋत्य इंग्लंडमधली, गुन्ह्यांची नोंद असलेली रेल्वे स्थानकं यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटली आणि सहा महिने एका गटात गणवेशधारी, निःशस्त्र खाजगी रक्षकांची ठरवून दिलेली गस्त ठेवली. प्रत्येक रक्षकाकडे ट्रॅकर होता. म्हणजे कॅन्सस सिटीत जी गोची झाली ती इथे टाळली: रक्षक प्रत्यक्ष किती वेळ, कुठे होते ते मोजलेलं आहे. प्रायोगिक स्थानकांवर रक्षकांच्या फेऱ्या 41 टक्के जास्त आणि मिनिटं 29 टक्के जास्त झाली. प्रवाशांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांत 16 टक्के घट झाली. आणि ठरवून दिलेल्या जागांवर पोलिसांनी स्वतः पकडलेले गुन्हे 49 टक्क्यांनी वाढले.

शेवटचा आकडा बघून गोंधळू नका. गुन्हे घटले आणि वाढले, दोन्ही कसं? नोंद कोण करतंय यावर ते अवलंबून आहे. रक्षक जास्त असले की पोलिसांच्या नजरेला जास्त गोष्टी येतात, नोंदी वाढतात. फक्त पोलिसांकडचा आकडा पाहणारा म्हणेल रक्षकांमुळे गुन्हे वाढले. मोजमापाची पद्धतच परिणामाने बदलते तेव्हा एकाच मापावर विसंबू नये, हा धडा.

तर हा पुरावा आहे की खाजगी रक्षकांची उपस्थिती उपयोगी पडू शकते. चौथी कडी, एका विशिष्ट जागेपुरती, बऱ्यापैकी मजबूत. पण पाचवी? इथे तुलना 'जास्त रक्षक' विरुद्ध 'कमी रक्षक' अशी होती. 'पोलिसासारखे दिसणारे' विरुद्ध 'न दिसणारे' अशी नव्हती. मावशीच्या टाउनशिपची गाडी झेंडूसारखी केशरी असती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत 'खाजगी सुरक्षा' लिहिलेलं असतं, तरी चोऱ्या तितक्याच कमी झाल्या असत्या का? दिसण्याचं समर्थन करायचं तर उत्तर याच प्रश्नाचं हवं. या पेपरांपैकी एकही तो प्रश्न विचारत नाही.

फुलपाखरांचा दाखला, आणि तो कुठे तुटतो

आता माझ्या घरच्या मैदानावर येते. 1862 मध्ये हेन्री बेट्स यांनी अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून एक कल्पना मांडली: खायला चविष्ट अशी एक जात, बेचव जातीसारखी दिसू लागते आणि पक्ष्यांपासून वाचते. आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर पक्ष्यांना नकोसं असतं, आणि डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. खाजगी गाडी म्हणजे एगफ्लाय, पोलिसांची गाडी म्हणजे प्लेन टायगर. उपमा इतकी सुबक बसते की मी तीवरच अख्खा लेख लिहिणार होते.

पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे. ती कुठे तुटते हे बघितल्यावरच तिचा उपयोग होतो. पक्षी शिकतो तो चाखून. नकला थोड्या असल्या तर चाखलेलं बहुतेक फुलपाखरू बेचव निघतं आणि इशारा टिकतो. नकला वाढल्या की पक्ष्याला कळतं की हा रंग फसवा आहे, आणि मग नकलेसोबत असलही मार खातं.

इथे प्रश्न येतो: आपल्या शहरात 'चाखून' बघणारं कोण? जो भाग हेरतो, चार रात्री लांबून बघतो, त्याला या गाडीत कोण बसतं, ती किती वाजता येते, आतल्या माणसाकडे काय नाही, हे सगळ्यात आधी कळणार. बाकी आपण, जे स्कूटर बाजूला घेतो आणि लायसन काढून देतो, आपण कधीच चाखत नाही. "तुम्ही पोलीस आहात का?" असं विचारायची हिंमत रात्री साडेदहाला किती जण करतील? म्हणजे ही नक्कल ज्याच्यासाठी आहे त्याच्यावर तिचा प्रभाव लवकर ओसरायला हवा आणि ज्याच्यासाठी नाही त्याच्यावर ती कायम राहायला हवी.

सांभाळून, हे अजून गृहीतकच आहे. मला ते पटतं म्हणून ते खरं ठरत नाही. संधी साधून चोरी करणारा नवखा माणूस या गाडीला खरंच घाबरत असेल. पण निदान हे तपासता येण्याजोगं वाक्य आहे. 'दृश्य धाक' हा शब्द तपासता येत नाही.

किंमत कोण मोजतं

माहितीपत्रकात फक्त फायद्याची बाजू असते. खर्चाची बाजू कायद्यात दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहनचालकाने लायसन दाखवायचं असतं ते 'गणवेशातील' पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर. म्हणजे गणवेश बघून ऐकायचं, हे आपल्याला कायद्यानेच शिकवलंय. दिसणं हा नागरिक आणि राज्य यांच्यातला करार आहे. त्याची नक्कल करणारा त्या करारातला विश्वास फुकट वापरतो.

म्हणूनच खाजगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यात कलम 21 आहे: रक्षकाने लष्कराचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भासणारा पोशाख घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'तसा भासणारा' हे शब्द महत्त्वाचे. पण कलम बोलतं ते अंगावरच्या कपड्यांबद्दल, गाडीबद्दल नाही. गाडीचा रंग राखून ठेवणं कायद्याला जमत नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 121 वा नियम आहे, संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. पोलिसांच्या गाडीच्या पट्ट्यांना असं संरक्षण त्या नियमात नाही.

आपल्या राज्यात हा गुंता आणखी वाढतो. पोलीस आहेत, 1981 च्या कायद्याने आलेल्या मंडळांचे सुरक्षारक्षक आहेत, 2010 च्या कायद्याने आलेल्या राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान आहेत, आणि वर खाजगी एजन्सी. सगळे गणवेशात, प्रत्येकाचा अधिकार वेगळा. खाजगी रक्षकाचा अटकेचा अधिकार तुमच्या-माझ्याइतकाच: आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर त्या माणसाला धरायचं आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. रस्त्यावर थांबवून "कुठे चाललात" विचारणं त्यात बसत नाही.

इशाऱ्यावरचा विश्वास गेला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण कॅनडातलं आहे. एप्रिल 2020 मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने लिलावात घेतलेली पोलिसांची जुनी गाडी हुबेहूब पोलीस गाडीसारखी सजवली आणि सुमारे तेरा तासांत 22 जणांना मारलं. ती गाडी खाजगी सुरक्षेची नव्हती, तिचा हेतूही वेगळा होता, म्हणून ते उदाहरण मी इथे ताणणार नाही. पण त्यानंतर त्या प्रांताने पोलिसांच्या खुणा आणि साहित्य कोणाकडे असावं यावर वेगळा कायदा केला, तो यासाठीच. रात्री एकटी बाई गाडी चालवत असेल आणि मागून निळा-लाल दिवा आला, तर तिने थांबावं की नाही? या प्रश्नाचं उत्तर 'हो' असायला हवं. प्रत्येक नकली गाडी ते थोडं थोडं 'माहीत नाही'कडे ढकलते.

उलट दिशेने विचार केलेलाही आहे. ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात गृहखात्याच्या वैज्ञानिक विभागाने आपत्कालीन वाहनांसाठी मोठ्या चौकटींची रंगयोजना विकसित केली. केकवरून तिला बॅटनबर्ग म्हणतात. पोलीस निळी-पिवळी, रुग्णवाहिका हिरवी-पिवळी, अग्निशमन लाल-पिवळी. लांबून वाहन दिसावंच, आणि ते कोणाचं आहे हेही कळावं, या दोन्ही गोष्टी एकाच रचनेत साधल्या आहेत. ठळक दिसण्यासाठी दुसऱ्यासारखं दिसावं लागत नाही.

तुम्ही काय मोजाल?

सेक्रेटरी काकांचा मुद्दा मात्र राहतोच: "पण आमच्याकडे चोऱ्या खरंच कमी झाल्या ना!" असतीलही. पण सोसायटी गस्तीची गाडी कधी लावते? लागोपाठ चार-पाच चोऱ्या झाल्यावर. एखाद्या वर्षी आकडा योगायोगाने फार वर गेला, तर पुढच्या वर्षी तो काहीही न करता खाली येण्याची शक्यता जास्त असते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ताप चढल्यावर घेतलेल्या कुठल्याही काढ्याला गुण येतो, तसंच. शेजारच्या, गाडी न लावलेल्या सोसायट्यांचे त्याच काळातले आकडे बाजूला ठेवल्याशिवाय या घटीचं श्रेय कोणालाच देता येत नाही.

मग प्रयोग कसा करायचा? गाडी पोलिसांसारखी रंगवून रस्त्यावर सोडणं नको. नीतिमत्ता समिती परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण एमएस्सीच्या प्रकल्पात बसेल असा पहिल्या कडीचा प्रयोग करता येईल. खऱ्या पोलीस गाड्यांचे आणि वेगवेगळ्या रंगसंगतीच्या खाजगी गस्ती गाड्यांचे फोटो घ्या, नावं आणि नंबर झाकून. दिवसाचे, रात्रीचे, जवळून, लांबून. प्रत्येक फोटो अर्धा सेकंद दाखवा आणि विचारा: पोलीस की नाही?

इथे फक्त बरोबर उत्तरांची टक्केवारी काढू नका. जो प्रत्येक फोटोला 'पोलीस' म्हणतो तो खऱ्या सगळ्या गाड्या बरोबर ओळखेल. म्हणून दोन आकडे वेगळे ठेवा: खऱ्याला खरं म्हटल्याचं प्रमाण आणि खोट्याला खरं म्हटल्याचं प्रमाण. त्यावरून माणसाची ओळखायची क्षमता आणि त्याचा कल, दोन्ही सुटे काढता येतात. संदेश-ओळख सिद्धांत नेमका यासाठी आहे. रंगसंगती बदलली की खोट्याला खरं म्हणण्याचं प्रमाण किती बदलतं, हे कळलं तर कायदा करणाऱ्याच्या हातात निदान एक आकडा येईल. आणि "अशी गाडी दिसली तर थांबाल का?" हा प्रश्न प्रश्नावलीत घातलात, तर बिकमन यांचे विद्यार्थी आठवा. त्या उत्तरावर जास्त भार टाकू नका.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी सेक्रेटरी काकांना एक पानी टिपण दिलं. गाडी बंद करा असं त्यात लिहिलं नाही, कारण ती निरुपयोगी आहे असा पुरावा माझ्याकडे नाही. फक्त दोन गोष्टी सुचवल्या: पट्टे आणि दिवे बदला, दारावर मोठ्या अक्षरांत 'खाजगी सुरक्षा' लिहा. आणि कमानीबाहेर कोणाला थांबवू नका. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "पण मग चोर घाबरणार कसे?"

म्हणजे पाचवी कडी त्यांनी परत गृहीतच धरली होती. मावशी मात्र टिपण वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "परवा मलाही त्याने डिकी उघडायला लावली गं. मी उघडली." पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय तीच मांडणार आहे.